‘उतरवून घे’ म्हणजे काय

काल सकाळी चहा ठेवला आणि खिडकीतून ऊन आलं ते थेट फ्रिजच्या दारावर. आडवं, पत्र्याला घासून गेल्यासारखं. आणि दारावर एक फुलपाखरू दिसलं. ते स्टिकर आईने मागच्या दिवाळीत सुरीने खरवडून काढलंय. म्हणजे फुलपाखरू नाहीच आहे, पण आहे. पाचेक मिनिटं होतं, मग ऊन वर चढलं आणि फ्रिज परत नुसता फ्रिज झाला. मी आईला म्हटलं, थंडी आली. आई म्हणाली, स्वेटर काढून आठ दिवस झाले, तुला आज कळलं का?

मला थंडी आता अशीच कळते, उन्हाच्या तिरकेपणावरून. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इतरांसारखीच कळायची. स्कूटीवर डोळ्यांतून पाणी यायला लागलं की, पोहे-जिलबीच्या ठेल्यावर माणसांपेक्षा वाफ जास्त दिसायला लागली की, गच्चीवर मटारचा ढीग आणि भोवती सोलणाऱ्या चार काकू, त्यात मी फक्त खाणारी. मग ती बसवाली थंडी आली.

थांबा, बस नीट सांगते. मी बोलते पटपट, टाइप त्याहून पटपट करते, आणि हा सगळा किस्साच मुळात पटपट करण्याचा आहे.

तर इथे भोपाळला, आमच्या इंद्रपुरीत, कम्युनिटी हॉलच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. तिथे एक सिटी बस उभी होती. शहरात धावून धावून रिटायर झालेली, मग काही वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवायला वापरलेली, आणि त्यानंतर भंगारात जायची ती कॉलनीतल्या रिटायर्ड मंडळींनी खटपट करून मागून घेतलेली. त्यांचे म्होरके वानखेडे काका. काका मूळचे अमरावतीकडचे, इथल्या कारखान्यात जन्मभर फिटर. बाबा त्याच कारखान्यात, त्यामुळे काका आमच्या घरचेच. माझं तेव्हा डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, मेकॅनिकल. मी गेले होते नुसती बघायला. काकांनी हातात पाना दिला आणि म्हणाले, बघायला तिकीट लागते, काम करायला लागत नाही.

येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, की या बसचं करणार काय? कॅन्टीन? लायब्ररी? वाढदिवसाचा हॉल? काका प्रत्येकाला तेच सांगायचे, काही नाही, ठेवणार. लोकांना ते पटायचं नाही. ठेवणार म्हणजे काय, काहीतरी तर कराल ना. काका म्हणायचे, तुमच्या घरच्या म्हाताऱ्याचं काय करता? ठेवताच ना?

त्यांचा नियम एकच होता. बस नवी करायची नाही. म्हातारीच राहू द्यायची, फक्त आंघोळ केलेली. मागच्या कोपऱ्याला पोचा होता, तो तसाच ठेवला. गंज मात्र सगळा काढला, कारण गंज म्हणजे वय नाही, गंज म्हणजे आजार, असं काकांचं म्हणणं. मला हे ऐकून इतकं भारी वाटलं होतं की मी ते लगेच स्टेटसला टाकलं.

आत बसलं की वास यायचा. जुनं रेक्झिन, डिझेल, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जे मला फार उशिरा कळलं की संत्र्याच्या सालांचं आहे. सीटच्या फटींतून वाळून काळ्या पडलेल्या साली निघायच्या. शेंगांची टरफलं, केसांचा आकडा, लहान मुलाचा एकच हातमोजा. काकांनी हातमोजा धुऊन ड्रायव्हरच्या आरशाला लटकवला. दुपारी दार बंद असलं की काचांमधून ऊन आत साचायचं, बाहेर सगळे शालीत आणि आत मी घामाने ओली. अभ्यासाला यापेक्षा चांगली जागा मला अजून मिळालेली नाही. अभ्यास झाला नाही ती गोष्ट वेगळी.

माझी पुण्याची मावशी अशाच बसमध्ये एकदा चढली होती, मी लहान होते तेव्हा. कंडक्टर ओरडला, ‘पीछे खाली है, पीछे खाली है.’ मावशी मागे वळून खाली जमिनीकडे बघत बसली, की काय पडलंय. हे आमच्या घरात अजून सांगतात. ‘यातायात’चंही तसंच. मावशीला ती म्हणजे दगदग, भोपाळला ती म्हणजे वाहतूक, आणि आई म्हणते की ऑफिसच्या वेळेला दोन्ही एकच. घरात बाबांची मराठी इस्त्री केलेली, काकांची वऱ्हाडी, आणि माझी अशी, की वाक्य मराठीत सुरू होतं आणि संपतं तेव्हा हिंदीत पोचलेलं असतं. यात मला कधी काही बिघडल्यासारखं वाटलं नव्हतं. त्या थंडीपर्यंत.

बसच्या दाराच्या बाजूला, खिडक्यांच्या खाली, क्रीम रंगाच्या पट्ट्यावर काळ्या रंगात सहा थांब्यांची नावं होती. इंद्रपुरीपासून न्यू मार्केटपर्यंत, मधे हबीबगंज, चार इमली वगैरे. हाताने रंगवलेली. ती रफीक चाचांनी लिहिलेली होती. चाचा म्हणजे जुने पेंटर, शहरातल्या बसवर वर्षानुवर्षं नावं रंगवणारे. मग स्टिकर आले, मग लाल दिव्यांच्या धावत्या पाट्या आल्या, आणि चाचांच्या हाताला कंप सुटला. त्यांनी रंगवलेल्या बाकी बसवर दुसरा रंग चढला, किंवा त्या कापल्या गेल्या. ही एकच बस उरली होती, ड्रायव्हर शिकत होते म्हणून कुणी रंगवायच्या भानगडीत पडलं नाही. म्हणजे त्या माणसाचं अख्ख्या भोपाळमध्ये उरलेलं लिखाण इतकंच, सहा नावं. काकांनी त्यांना शब्द दिला होता की होळीच्या आधी बस तयार झाली की पहिले तुम्ही बघायचं. चाचा तेव्हापासून दर आठवड्याला काकांना फोन करून अस्सल भोपाळीत विचारायचे, को खां, हमारी वाली कैसी है?

पट्ट्याचा क्रीम रंग जागोजागी पोपडे धरत होता. तो खरवडून नवा द्यायलाच हवा होता. एका रविवारी काका लग्नाला निघाले, जाता जाता स्कूटरवरूनच मला म्हणाले, पट्टा घ्यायचा आहे उद्या, त्याच्या आधी ती नावं तेवढी उतरवून घे.

मी म्हटलं, हो.

आणि मी उतरवून घेतली. रेगमाल पाण्यात भिजवला, म्हणजे पॉलिश पेपर, इथे कुणी पॉलिश पेपर म्हणत नाही, आणि घासायला बसले. कानात गाणी. काळं पाणी पायावर. दुपारी चारपर्यंत सहाच्या सहा नावं साफ, पट्टा असा गुळगुळीत की मलाच माझं कौतुक वाटलं. फोटो काढला, बसच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, डन, आणि दोन चमचमते तारे. पाच अंगठे आले. एकही माणूस काही बोलला नाही, कारण सगळे लग्नात जेवत होते.

काका संध्याकाळी आले. पट्ट्यासमोर उभे राहिले. त्यावरून तळहात फिरवला.

“उतरवून घे म्हणलो होतो ना मी.”

“उतरवली की काका. सगळी.”

“कागदावर, बाई. कागदावर उतरवून घे म्हणलो होतो.”

मला ते वाक्य समजायला खरंच काही सेकंद लागले. आमच्या कॉलनीत गच्चीवरचे कपडे उतारतात, भिंतीवरचं कॅलेंडर उतारतात, दुधाची साय उतारतात. उतार लो म्हटलं की मी ती वस्तू काढून बाजूला ठेवते, जन्मापासून. शाळाही हिंदी. फळ्यावरचं कधी ‘उतरवून घेतलं’ नाही, ‘नोट’ केलं. काकांचा शब्द मराठी होता आणि माझा कान भोपाळचा. मी हे त्यांना सांगितलंसुद्धा, भराभर, की चूक माझी नाहीच आहे, भाषेची आहे. काका म्हणाले, भाषेच्या हातात रेगमाल नव्हता.

एवढंच. रागावले नाहीत. पट्ट्याचं काम तिथेच थांबवलं आणि जाऊन इंजिनाचे बोल्ट आवळत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल फोटो असतीलच. होते ना, ढिगाने होते. सगळ्या फोटोंत मी होते. बसला टेकून मी, दोन बोटं दाखवून मी, तोंडाचा चंबू करून मी. माझ्या मागून ‘इं’ डोकावतोय, एका ठिकाणी ‘केट’ दिसतंय, हबीबगंजवर माझी अख्खी पाठ. तीन महिने मी त्या अक्षरांसमोर उभी होते आणि एकदाही बाजूला झाले नव्हते.

मी आयडिया काढली की कॉम्प्युटरवर जुन्या वळणाचा फॉन्ट शोधू आणि कापून चिकटवू, कुणाला कळणार नाही. काकांनी मान वर न करता विचारलं, रफीकभाईला पण नाही कळणार? मग म्हणाले, स्टिकरच लावायचा तर एवढी बस काहून धरून ठेवली आपण? फॉन्टचा विषय मी तिथेच सोडला. चाचांचा फोन त्या आठवड्यात आला तेव्हा मी शेजारीच होते. काका म्हणाले, अच्छी है, अच्छी है, और फोन ठेवून पान्याकडे बघत राहिले. बघा, मी ‘और’ लिहिलं. राहू दे.

त्यानंतर दहा-बारा दिवस मी शेडकडे गेलेच नाही. मग गेले ते कॉलेजच्या आधी, सकाळी सकाळी, मुद्दाम काका नसताना, माझे हातमोजे आणायला. शेड एका बाजूने उघडी आहे, बसचं तोंड पश्चिमेला, दाराची बाजू दक्षिणेला. ऊन नुकतंच कारखान्याच्या क्वार्टर्सच्या मागून वर आलेलं, बसच्या मागच्या टोकाकडून शिरलेलं आणि पट्ट्याला घासत पुढे निघालेलं. हातमोजे घेऊन वळले तर पत्र्यावर एक डाग. ओलसर वाटला म्हणून पुसायला गेले. पुसेना. डोकं जरा वाकवलं आणि तो ‘बी’ होता. हबीबमधला ‘बी’. काळा नाही, कुठल्याच रंगाचा नाही, नुसती एक कड, केसाइतकी उंच, तिच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली.

दुसऱ्या सकाळी काकांना आणून दाखवलं, तेव्हा त्यांनी समजावलं. इतकी वर्षं अक्षरांच्या खालचा क्रीम रंग उन्हापासून झाकलेला राहिला, आजूबाजूचा उन्हाने झिजला. मी वरचा काळा घासून काढला, पण खालची ती उंची पूर्ण गेली नव्हती. बोटाला लागत नाही, सरळ बघितलं तर दिसत नाही, ट्यूबलाइट लावली तर अजिबात नाही. फक्त सकाळचं ते आडवं ऊन. तेही साधारण पंधरा मिनिटं, मग सूर्य दक्षिणेकडे सरकून समोर येतो आणि पट्टा सपाट. उन्हाळ्यात तर सकाळचं ऊन त्या बाजूला पोचतच नाही. म्हणजे जे करायचं ते थंडी होती तोवरच.

मग आमची रोजची ड्यूटी ठरली. साडेसातला मी हजर, हातात बारीक टोक केलेली पेन्सिल. ऊन आलं की कडेकडेने ठिपके मारत जायचे. कागद लावायचा नाही, कागद लावला की सावली जाते, फक्त ठिपके. ऊन गेलं की मग निवांत ठिपक्यांवर बटर पेपर चिकटवून रेघ काढायची. आई एकदा डबा घेऊन आली आणि म्हणाली, ही तर रांगोळी चाललीय, दारात काढ म्हटलं तर तुझी कंबर दुखते. धुकं असलं की अख्खा दिवस फुकट. त्या वर्षी धुकं पण असं, तलाव सोडून थेट इंद्रपुरीत राहायला आल्यासारखं. मी आणि काका फ्लास्कमधला चहा पीत पांढऱ्या शून्याकडे बघत बसायचो. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की मला नुसतं बसता येतं.

आणि एक सांगू? घासायला मला एक दुपार लागली होती. लिहून घ्यायला सव्वा महिना.

दुसऱ्याचं अक्षर असं ठिपक्या-ठिपक्याने गिरवलं की तो माणूस कळायला लागतो, न भेटता. चाचा वरची रेघ सगळ्यात शेवटी मारायचे, ती अक्षरांवर चढलेली दिसायची. एका दमात, डावीकडून उजवीकडे, शेवटाला किंचित वर गेलेली. ‘म’ची गाठ ते घट्ट बांधायचे, चार इमली आणि न्यू मार्केटमध्ये अगदी एकसारखी. ‘ग’ मात्र दर वेळी वेगळा, जणू तो त्यांना आवडायचा नाही. आणि इंद्रपुरीच्या शेवटच्या वेलांटीखाली एक बारका थेंब होता, रंग ओघळून वाळलेला. मी काकांना विचारलं, याचं काय करू? काका म्हणाले, तू ठरव. मी ठिपके मारले.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं की हबीबगंज कशाला, स्टेशनचं नाव तर बदललं, नवीनच लिहून टाका ना. काकांनी उत्तर दिलं, ही बस त्या नव्या नावाच्या स्टेशनला गेलेलीच नाही. आमच्या घरीही अजून हबीबगंजच म्हणतात, फक्त तिकीट काढताना एकदा अडखळतात.

पट्टा मग खरवडला नाही, क्रीमचा एकच पातळ हात दिला, आणि त्यावर नावं रंगवली मीच. काका म्हणाले, ज्याने काढलं त्यानेच घालायचं. आधी जुन्या पत्र्याच्या तुकड्यांवर पंधरा दिवस सराव केला. माझी वरची रेघ रेल्वेच्या रुळासारखी निघायची, मधेच सांधा. श्वास धरून मारायची असते हे मला कुणी सांगितलं नाही, ते चाचांच्या रेघेवरूनच कळलं, कारण ती जिथे संपायची तिथे जराशी सुटलेली असायची. फेब्रुवारी सरता सरता बस झाली. सुरूही झाली, एकदा खोकली आणि मग धडधडत राहिली, कॉलनीच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. आरशाला तो हातमोजा.

मधल्या काळात चाचांना कुणी काही सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं नाही आणि मला सांग असंही म्हणाले नाहीत. मी मात्र चाचांना सांगायचं ते एक वाक्य दोन महिने आडून, वळून, विनोद करून, वीस तऱ्हांनी तयार केलं होतं.

चाचा आले ते दुपारी, करड्या स्वेटरवर मफलर, नातवाच्या स्कूटरवरून. अपेक्षेपेक्षा लहान चणीचे. चहाची बशी हातात थरथरली म्हणून त्यांनी ती सरळ बॉनेटवर ठेवून दिली आणि पट्ट्याजवळ गेले. चष्मा वर केला. एकेका नावासमोर थांबत थांबत, स्टॉप घेतल्यासारखे. इंद्रपुरीपाशी आले आणि अंगठा त्या थेंबावर ठेवला.

म्हणाले, हा थेंब त्यांना आठवतोय, ब्रश भरलेला होता आणि पाठीमागून कुणीतरी चहासाठी हाक मारली. थेंबावरचा अंगठा उचलला. मग वळले.

“ये टपका तक उतार लिया,” चाचा म्हणाले. “किसने उतारा?”

मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे. उतारा. म्हणजे लिहून घेतलं, नक्कल केली. चाचांच्या हिंदीतही तो शब्द तसाच होता, काकांच्या मराठीत होता तसाच. पहिल्यापासून होता. तस्वीर उतारते हैं, नकल उतारते हैं, मी स्वतः हजारदा ऐकलेलं. भाषेने मला काही फसवलं नव्हतं. मी स्कूटरवरच्या माणसाला थांबवून एक प्रश्न विचारला नव्हता, बास.

“मैंने,” मी म्हटलं. आणि मग ती वीस तऱ्हांची वाक्यं सगळी सोडून दिली. “पहले भी मैंने ही उतारा था, चाचा. रेगमाल से. सब. फिर दोबारा उतारा, कागज पर.”

चाचांनी पट्ट्याकडे बघितलं, मग खाली माझ्या बुटांकडे, त्यांच्यावर अजून काळे शिंतोडे होते. परत पट्ट्याकडे. मग तोंड जवळ नेऊन पत्र्याला समांतर डोळा लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पेंटर बघतात तसं.

“तो पहला वाला काम भी ठीक से नहीं किया, बेटा,” ते म्हणाले. “ठीक से करतीं, तो दूसरा होता ही नहीं.”

काकांना चहाचा ठसका लागला. चाचा बशी घ्यायला वळले, मग लक्षात येऊन कपच उचलला, दोन्ही हातांनी, आणि दारातून चढून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

मी आता भोपाळबाहेर मंडीदीपला नोकरीला आहे, सकाळी कंपनीची बस येते. इंद्रपुरीतली बस शेडमध्ये आहे तशीच, कुणी विचारलं की काका सांगतात, काही नाही, ठेवली आहे. चाचा मधून मधून येतात, आत बसतात, माझा ‘ग’ बघून नाक मुरडतात. आज सकाळी कामावर जाताना मी वाट वाकडी करून गेले. ऊन तिरकं होतं. माझी काळी अक्षरं दिसत होती आणि इंद्रपुरीच्या रेघेच्या थोडी वर, जिथे माझा हात चुकला होता, तिथे जुनी कड अजून उभी होती, केसाइतकी. फोन काढला. या वेळी बाजूला सरले, आणि मगच फोटो घेतला.